बोटाला लागलेला बॉल

व्हॉलीबॉलमध्ये पंचाला सगळ्यात कठीण काय जात असेल, तर ब्लॉकवरचा टच. समोरून स्मॅश येतो, नेटवर तो अडवायला, म्हणजे ब्लॉकसाठी, दोघी-तिघींचे हात वर गेलेले असतात, बॉल कुणाच्या तरी बोटाच्या टोकाला पुसटसा लागतो आणि मागे लाइनीबाहेर जाऊन पडतो. लागला असेल तर पॉइंट मारणाऱ्यांचा, लागला नसेल तर ब्लॉक करणाऱ्यांचा. पंच उंचावर उभा असतो, लाइन जज कोपऱ्यात. दोघांनाही चकवा बसू शकतो. खात्रीनं सांगू शकेल अशी व्यक्ती मैदानावर एकच असते, जिचं ते बोट असतं ती.

हे प्रकरण अशाच एका टचचं आणि त्यानंतरच्या वर्षभराचं आहे. मी क्रीडाशिक्षक. संघ माझा, आणि यातल्या चुकाही बऱ्याचशा माझ्याच. मुलींची ओळख कळू नये म्हणून त्यांना जर्सीच्या नंबरानं हाक मारतो आहे. शाळेचं आणि स्पर्धेचं नाव घेत नाही.

काय घडलं

चौदा वर्षांखालच्या मुली, आंतरशालेय उपांत्य सामना. एकेक सेट दोघांनी घेतलेला. तिसरा सेट 15 चा, जिंकायला दोनचा फरक हवा. आम्ही 14-13 असे पुढे. समोरच्या उंच मुलीनं ताकदीनं मारलं, बॉल आमच्या मागच्या लाइनीच्या हातभर बाहेर पडला. पंचानं शिट्टी वाजवली आणि हात आमच्या बाजूला केला. 15-13. बेंचवरच्या मुली किंचाळत आत धावल्या.

बारा नंबर नेटपाशीच उभी होती. तिनं डावा पंजा उभा धरला आणि उजव्या हाताची बोटं त्यावरून घासली. टचची ही खूण पंचाची. खेळाडू ती सहसा करतो ती आपल्याला पॉइंट हवा असतो तेव्हा. त्यामुळे पंचाला आधी उमजलंच नाही. तिनं पुन्हा केली, या वेळी स्वतःकडे बोट दाखवून. लाइन जजनं खांदे उडवले. पंचानं निर्णय फिरवला. 14-14.

पुढचे दोन्ही पॉइंट गेले. 16-14. आम्ही स्पर्धेबाहेर.

याच्या मधोमध एक छोटी गोष्ट झाली आणि तीच या प्रकरणाचं मूळ आहे. दुसऱ्यांदा खूण केल्यावर बारा नंबरनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि हातातल्या स्कोअरच्या वहीत काहीतरी बघायला लागलो. वहीत बघण्यासारखं काही नव्हतं. दोनेक सेकंदांनी भानावर आलो, टाळ्या वाजवल्या, "शाब्बास, शाब्बास" म्हणालो. पण तोवर तिनं तोंड फिरवलं होतं.

कॅप्टनचा मुद्दा

कपडे बदलायच्या खोलीत रडारड चालू होती. बारा नंबर कोपऱ्यात बुटांच्या नाड्या सोडत बसलेली. सात नंबर, म्हणजे आमची कॅप्टन, थेट माझ्यासमोर आली.

"सर, पंचाचं काम तिनं कशाला करायचं? दुसऱ्या सेटमध्ये त्यांचे दोन टच होते. त्या बोलल्या का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आपण चीटिंग कुठं केली होती? पॉइंट पंचानंच दिला होता ना?"

मी "प्रामाणिकपणा हाच खरा विजय" छापाची चार वाक्यं बोललो. ती कुणी ऐकली नाहीत आणि ते बरंच झालं, कारण मलाच ती पटलेली नव्हती. मुलांना शब्दांआधी आवाज कळतो.

सात नंबरचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पंचाचा निर्णय मुकाट्यानं मान्य करा, असं व्हॉलीबॉलचा नियमच सांगतो. सभ्यतेनं आणि खेळाच्या भावनेनं वागा, असंही सांगतो. पण आपला टच आपण होऊन कबूल करा, असं कुठलंही कलम नाही. फुटबॉलमध्ये आपल्याच फाउलबद्दल हात वर करणारा खेळाडू शोधावा लागेल. मैदानावर ही एक वेगळी रीत असते आणि मुलं ती फार लवकर उचलतात. ब्रेंडा ब्रेडमायर आणि डेव्हिड शील्ड्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या दशकात नेमकं हेच तपासलं होतं. तेच खेळाडू, पण रोजच्या आयुष्यातल्या पेचाचा विचार एका पातळीवर करतात आणि खेळातल्या पेचाचा त्याहून खालच्या, जास्त आपमतलबी पातळीवर. थोडक्यात, नीती चपलांसारखी मैदानाबाहेर काढून ठेवायची आणि घरी जाताना पुन्हा पायात घालायची. खेळानं चारित्र्य घडतं, हे आपण क्रीडादिनाच्या भाषणांत इतक्यांदा म्हणतो की ते आपोआप घडतं असंच वाटायला लागतं. आपोआप घडतं ते हे, चपला काढून ठेवणं.

पदक

मग मी जे केलं ते चांगल्या हेतूनं केलं, असं म्हणायची सोय आहे. खरं सांगायचं तर मला माझी ती खाली गेलेली मान धुऊन काढायची होती.

सोमवारच्या परिपाठात बारा नंबरला मंचावर बोलावलं. मुख्याध्यापक बोलले, शाळेनं टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदक पडलं. वर मीच एक योजना मांडली: खेळाच्या तासाला जो कोणी आपण होऊन चूक कबूल करेल, त्याच्या हाउसला 5 गुण. सगळ्यांना ती आवडली. फलकावर तक्ता लागला.

दुसऱ्या आठवड्यात एका सामन्यात, स्कोअर 3-1 असताना, एका मुलानं उत्साहानं हात वर केला, "सर, माझा टच!" मी चार पावलांवर उभा होतो. बॉल त्याच्यापासून वीतभर लांबून गेला होता. तो बोलला माझ्याशी, पण नजर गुण लिहिणाऱ्या मुलीकडे होती. हळूहळू अशा कबुल्यांचा पाऊस पडायला लागला आणि सगळ्या 3-1, 5-2 अशा वेळच्या, जेव्हा एक पॉइंट गेला तरी फारसं बिघडत नाही. 13-13 वर एकाचंही बोट बॉलला लागेना. महिन्याच्या शेवटी तक्त्यात जे हाउस पहिलं आलं, त्यातल्या मुलांबद्दल मी एवढंच म्हणेन की ती हुशार होती.

हे का झालं, हे मला माहीत असायला हवं होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग मी शिकताना वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. चित्र काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते मिळालं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल केलेलं नव्हतं, त्यांची हौस टिकली. जे काम मूल आतून करत होतं, त्याला बाहेरून भाव लावला की आतलं कारण आटतं. मोठ्यांच्या व्हॉलीबॉलमध्ये 2023 च्या नेशन्स लीगपासून, टच आपण होऊन कबूल करणाऱ्या खेळाडूला हिरवं कार्ड दाखवायला सुरुवात झाली. तिथं व्हिडिओ तपासायचा वेळ वाचतो, प्रेक्षकांनाही ते आवडतं, माझा काही आक्षेप नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा मामला निराळा आहे. तिच्या आत जे नुकतं कुठं उगवत असतं, त्याचा आपण फलकावर हिशोब मांडतो.

खाली राहिलेले हात

सगळ्यात वाईट परिणाम तक्त्यावर दिसतच नव्हता.

बारा नंबर आमची सर्वांत चांगली ब्लॉकर. पदकानंतर तिचे ब्लॉक कमी झाले. आधी वाटलं खांदा दुखतोय. मग एका सरावात मी बाजूला उभं राहून नुसते तिचे हात पाहिले. उडी पूर्वीइतकीच, वेळही अचूक, पण हात नेटच्या पट्टीवर जेमतेम बोटभर. पूर्वी ती मनगटापर्यंत वर जायची. ती बॉल चुकवत होती.

सराव संपल्यावर नेट सोडताना मी विचारलं. ती दोरी गुंडाळत म्हणाली, "सर, बॉल लागलाच नाही, तर कुणी विचारायचा प्रश्नच नाही ना."

मी गप्प राहिलो. मग तीच बोलत गेली. "त्या दिवशी मी काही ठरवलं नव्हतं. बोट झिणझिणत होतं. हात वर गेला, आणि मग वाटलं, अरे, आता काय. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही खाली बघत होता." दोरीचा एक वेढा सुटला, तिनं तो पुन्हा घातला. "आणि सोमवारी तुम्हीच टाळ्या वाजवत होता."

नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं कुणी सुनावलं नव्हतं, आणि ती सुनावतही नव्हती. मी तिला खरं ते सांगितलं: "त्या क्षणी मला वाटलं होतं, ही बोलली नसती तर बरं झालं असतं."

ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी हेच मी सगळ्या संघासमोर सांगितलं. सात नंबर फिस्सकन हसली, मग बाकीच्याही. त्या हसण्यानंतर पहिल्यांदाच मुली त्या सामन्याबद्दल नीट बोलल्या. मी त्यांना 1980 च्या वानखेडेवरच्या कसोटीची गोष्ट सांगितली. भारताविरुद्ध इंग्लंडची अवस्था 5 बाद 58. बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं होतं. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला वाटलं बॅट लागलेली नाही. त्यानं पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं पुढे 171 ची भागीदारी केली आणि भारत 10 गड्यांनी हरला.

"म्हणजे ते हरलेच ना?" चार नंबरनं विचारलं. हरलेच. "मग सर, या गोष्टीचा उपयोग काय?"

मी उत्तर दिलं नाही. तोवर मी एवढं शिकलो होतो.

शिट्टी खिशात

तक्ता काढून टाकला, गुण बंद केले. काढताना कुणी कारण विचारलं नाही, हेही बोलकं आहे. त्याजागी एकच बदल केला: आठवड्यातला एक सराव सामना पंचाशिवाय.

ही काही माझी अक्कल नाही. अल्टिमेट हा फ्लाइंग डिस्कचा खेळ 1968 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या मुलांनी सुरू केला, आणि आजही तो मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडू स्वतःच निवाडा करून खेळतात. त्याच्याही आधी, 1932 मध्ये, ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल प्रश्न विचारून पाहिलं होतं. लहान मुलांना नियम म्हणजे वरून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहा-बाराच्या आसपास त्यांना कळायला लागतं की नियम आपणच, आपसांत कबूल होऊन केलेले असतात आणि सगळ्यांचं जमलं तर बदलताही येतात. ही समज मोठ्यांच्या धाकात वाढत नाही, बरोबरीच्यांशी घासाघीस करताना वाढते. आपण मात्र नेमक्या त्याच वयाच्या मुलांच्या प्रत्येक वादात शिट्टी वाजवून मधे पडतो.

पहिले तीन आठवडे बाजार होता. एकदा अख्ख्या तासात अकरा रॅली (सर्व्हिसपासून पॉइंट ठरेपर्यंतचा खेळ) झाल्या, बाकी वेळ भांडणात. जिचा आवाज मोठा तिचा पॉइंट. खिशातली शिट्टी मी मुठीत इतकी आवळली होती की तळव्यावर वळ उठले. मग चार नंबरनंच नियम सुचवला, जी एरवी तोंड उघडत नाही: नेटजवळ जी असेल ती आधी बोलेल, तोवर बाकीच्या गप्प, नाही जमलं तर रॅली परत. हा नियम टिकला. मी केला असता तर आठवडाभरात मोडला असता.

या काळात एक गोष्ट कळली जी मी आधी धरलीच नव्हती. नऊ नंबर सगळं कबूल करायची. न झालेले टचसुद्धा. गुणांसाठी नाही, गुण तर बंद झाले होते. तिला वाद नको असायचा. ती फार सालस आहे असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणत होतो. पण दुसऱ्याच्या दबावाखाली "हो, माझा टच" म्हणणं आणि जिंकायच्या हव्यासानं "नाही" म्हणणं, दोन्हींत खऱ्याला जागा नसते. तिच्यावर मला सात नंबरपेक्षा जास्त मेहनत घ्यावी लागली. "माझा टच नव्हता" हे तीन शब्द तिनं पहिल्यांदा ठामपणे उच्चारले तेव्हा समोरची मुलगी चाट पडली, आणि नऊ नंबर तिच्याहून जास्त.

एक मिनिट

'आध्यात्मिक विकास' म्हटलं की आपल्याकडे लगेच डोळे मिटलेली मुलं आणि उदबत्ती डोळ्यांसमोर येते, किंवा मग "शाळेत धर्म नको" असा वाद. इंग्लंडच्या 1944 च्या शिक्षण कायद्यात नैतिक, मानसिक आणि शारीरिक विकासाच्या बरोबरीनं हा शब्द आला; 1988 च्या कायद्यातही तो राहिला. तिथल्या शाळा-तपासणीत त्याचा अर्थ धर्मापुरता धरत नाहीत. स्वतःकडे वळून पाहता येणं, विस्मय वाटणं, दुसऱ्याच्या भावनांची कदर असणं, हेही त्यात येतं. मला हा अर्थ मैदानावर रोज दिसतो, फक्त त्याला नाव द्यायचा धीर होत नाही. एखादी रॅली इतकी रंगते की खेळणारीला स्कोअर, आई, गृहपाठ, स्वतःचं नावही आठवत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं अशा तल्लीनतेवर आयुष्यभर अभ्यास केला. आणि याच्या अगदी उलट दुसरा क्षण असतो: बोट झिणझिणतं, कुणालाच कळलेलं नाही, आणि मन एकट्यालाच ग्वाही देत असतं. पहिल्यात 'मी' विरघळतो, दुसऱ्यात 'मी'ची गाठ पडते. दोन्ही क्षण फार तर चार-पाच सेकंदांचे. मग कुणीतरी ओरडतं, शिट्टी वाजते, आणि ते निसटतात.

म्हणून सामना संपला की एक मिनिट सगळ्यांनी लाइनीवर बसायचं ठरवलं. बॉल मधे ठेवायचा. प्रार्थना नाही, भाषण नाही, डोळे मिटायची सक्ती नाही. सुरुवातीला खुदुखुदु हसणं, एकमेकींना चिमटे. महिन्याभरानं श्वास खाली बसल्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यानंतर ज्यांना हवं त्यांनी आपल्या वहीत एक ओळ लिहायची. ती कुणी तपासणार नाही, असा मी शब्द दिला.

तो मी एकदा मोडला. बाकावर राहिलेली एक वही परत द्यायला उचलली आणि उघडलीच. त्या दिवशीची ओळ होती: "आज सर फोनवर होते. मजा आली." वही तशीच मिटून ठेवली. मुलीला सांगितलं की मी ती वाचली. तिनं पुढचे दोन आठवडे काही लिहिलं नाही, आणि ते तिचं बरोबर होतं.

हाती काय लागलं

संघ पुढच्या वर्षी दुसऱ्याच फेरीत हरला. त्याचा टचशी काही संबंध नव्हता, आमची सर्व्हिस कच्ची होती. एका पालकांनी भेटून विचारलं, "सर, तुम्ही मुलींना जिंकायला कधी शिकवणार?" प्रश्न रास्त होता. त्या महिन्यापासून सर्व्हिसचा सराव वाढवला.

सात नंबर पंचाशिवायच्या सामन्यांत सगळ्यात चोख निघाली. तिनं कबूल केलेला टच कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही, अशी तिची पत झाली. त्याच सत्रात विज्ञानाचा गृहपाठ शब्द न् शब्द उतरवल्याबद्दल ती पकडली गेली. वर्गखोलीत शिकलेलं मैदानात येत नाही असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. मैदानातलंही खोलीत आपोआप जात नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून अडचणीतल्या मुलांबरोबर खेळातून काम करणाऱ्या डॉन हेलिसननं आपल्या पायऱ्यांच्या आराखड्यात 'मैदानाबाहेर वापरणं' ही सगळ्यात शेवटची पायरी ठेवली आहे. ती शेवटी का, हे मला सात नंबरनं शिकवलं. तिच्याशी मी गृहपाठाबद्दल बोललो. ती म्हणाली, "सर, तिथं समोर कोण असतं? वहीच ना." यावर आमचं बोलणं अजून संपलेलं नाही.

बारा नंबरचे हात पुन्हा मनगटापर्यंत वर जायला साधारण चार महिने लागले. नेमके कधी गेले ते माझ्या लक्षात आलं नाही.

परवाच्या सराव सामन्यात स्कोअर 13-13 होता. स्मॅश आला, चार नंबर आणि बारा नंबर दोघी ब्लॉकला, बॉल मागे बाहेर. सगळ्या गप्प. नियमच तो.

"माझं लागलं बहुतेक," चार नंबर म्हणाली.

"बहुतेक म्हणजे?"

"नखाला."

मग नखाला लागलं तर तो टच धरायचा का, यावर दोन्ही बाजूंनी जोरदार चर्चा झाली. नख आपलंच असतं, पण त्याला कळत नाही, असा एक पक्ष. कळलं नसतं तर ती बोलली कशी, असा दुसरा. शेवटी सात नंबर माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही इथंच होतात. लागला होता का?"

मी बरोबर नेटच्या रेषेत उभा होतो. चार नंबरच्या मधल्या बोटाचं टोक मागे वाकलेलं मला स्वच्छ दिसलं होतं.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी रॅली परत खेळायचं ठरवलं. बारा नंबर सर्व्हिसची वाट बघत नेटपाशी जाऊन उभी राहिली, आणि हात वर घेण्याआधी तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान खाली घातली नाही, पण फार वेळ तिच्याकडे बघूही शकलो नाही.